गुऱ्हाळातील इंजिन

पंचगंगेच्या काठच्या आमच्या भागात गुऱ्हाळ नाही असे गाव पूर्वी क्वचितच आढळे. दिवाळी सरली की उसाच्या फडांत कोयते चालू लागत, चुलवणात चिपाडे पेटत आणि उकळत्या रसाचा गोड वास वाऱ्याबरोबर पार वेशीपर्यंत येई. अशाच एका गावाच्या शिवारात एक गुऱ्हाळ कित्येक वर्षे बंद पडले होते. त्याचा चरक केव्हाच विकला गेला होता. काहीलही उरली नव्हती. गंजलेल्या पत्र्याच्या छपराखाली, गोणपाटाखाली झाकलेले एक जुने इंजिन तेवढे पडून होते.

ही हकीकत २००९ सालची आहे. त्या वेळी मी जवळच्याच एका शाळेत मुख्याध्यापक होतो. सातवीच्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि दाराशी घुटमळत म्हणाला, "सर, आमच्या आजोबांचं लढाईतलं इंजिन शनिवारी भंगारात जाणार आहे. बाबांनी टेंपो सांगितलाय. तुम्ही एकदा बघायला याल का?"

"लढाईतलं म्हणजे कसलं रे?"

"आजोबा म्हणतात, ब्रह्मदेशाच्या लढाईतलं आहे. बाबा म्हणतात, त्या सगळ्या थापा आहेत."

'थापा' हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज एकदम खाली आला. इंजिन भंगारात जाण्यापेक्षा आजोबांना खोटे ठरविले जाते, याचेच त्या मुलाला अधिक दुःख होत असावे. त्याच दिवशी सायंकाळी मी पाच-सहा मुलामुलींना बरोबर घेऊन त्या शिवारात गेलो.

आजोबा बाजेवर बसून होते. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. वय ऐंशीच्या घरात, नजर अधू, परंतु बोलणे खणखणीत. मुलाचे वडीलही तेथे होते, आणि इंजिनाचे बोल्ट सैल करण्यासाठी त्यांनी गावातील मिस्त्रींना बोलावून आणले होते. गोणपाट बाजूला सारताच आतून एक पाल पळाली, आणि मग ते इंजिन आमच्या दृष्टीस पडले. त्यावर दर दसऱ्याला फासलेल्या तांबड्या रंगाचे थर होते आणि हळदकुंकवाचे जुने डाग होते.

लोखंडाचे धूड पाहून ते पूर्वी कोणते काम करीत होते हे सांगणे वाटते तितके सोपे नसते. लष्कराजवळ इंजिने नाना प्रकारची असतात. काही मालमोटारी ओढतात, काही वीज निर्माण करतात, काही पाणी उपसतात, काही नावा चालवितात. लढाई संपल्यावर यांतली पुष्कळशी विक्रीस निघतात. मग ज्याला जसे हवे तसे तो ते वापरतो, नको असलेले भाग कापून टाकतो, नवे जोडतो. पन्नास-साठ वर्षांनी जे आपल्यापुढे येते, त्यात मूळचे किती आणि मागाहून आलेले किती, हे आधी निवडावे लागते.

म्हणून मी मुलांना सांगितले, "इंजिनाकडे नंतर पाहू. आधी त्याला काय काय जोडलेले आहे ते पाहा."

मुले छपराखाली वाकून पाहू लागली. इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स होता. त्याच्या मागे आणखी एक लोखंडी पेटी होती, आणि ती मध्यभागी नसून एका अंगाला सरकलेली होती. या दुसऱ्या पेटीतून शक्ती बाहेर पडण्यासाठी दोन तोंडे होती. एक पुढच्या दिशेला, दुसरे मागच्या दिशेला. मागच्या तोंडावर एक ओबडधोबड पुली बसविली होती. ती मात्र उघडउघड गावच्या लोहाराची करामत होती. पट्टा त्या पुलीवरून चरकाकडे जात असे. वर तीन दांडे होते. त्यांपैकी दोन वाकलेले व तिसरा मोडका होता.

"सर," एक मुलगी म्हणाली, "चरक फिरवायला किंवा पाणी ओढायला एवढे दांडे कशाला लागतील? गिअर तर गाडीला लागतात."

तिचे म्हणणे अगदी रास्त होते. एकाच वेगाने फिरत राहणाऱ्या यंत्राला गिअरबॉक्सची गरज सहसा पडत नाही. तेव्हा हे इंजिन मूळचे वाहनाचे, हे तर ठरलेच. पण ती दोन तोंडे कशासाठी? साध्या मोटारीत शक्ती एकाच जोडीच्या चाकांकडे जाते. येथे ती पुढेही जात होती आणि मागेही. म्हणजे ज्या वाहनाची चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरतात, अशा वाहनाचे हे इंजिन होते. चिखलात, वाळूत किंवा डोंगराच्या चढणीवर मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, तरी असे वाहन पुढच्या चाकांच्या बळावर बाहेर पडते. तीन दांड्यांचाही अर्थ आता लागला. एक नेहमीचे गिअर बदलण्यासाठी, दुसरा पुढची चाके जोडण्यासाठी आणि तिसरा वेग कमी करून ओढ वाढविण्यासाठी.

मिस्त्री इतका वेळ बिडी ओढीत आमची गंमत पाहत होते. ते हसून म्हणाले, "सर, एवढी शोधाशोध कशाला? जीपचं इंजिन आहे हे. माझ्या हाताखालून अशी वीसएक गेली असतील. पण लढाईबिढाई काही नाही बरं का. मुंबईला जोडलेल्या जीपचं असणार."

अण्णा बाजेवरून म्हणाले, "लढाईतलंच आहे ते."

मिस्त्रींचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. जीप ही गाडी दुसऱ्या महायुद्धात जन्मली, हे खरे; पण युद्धाबरोबर ती संपली नाही. अमेरिकेतील विलीज कंपनीने १९४५ साली तीच गाडी थोडेफार फेरफार करून शेतकऱ्यांसाठी व सामान्य गिऱ्हाइकांसाठी विकावयास काढली. पुढे काही वर्षांतच मुंबईला माझगाव येथे महिंद्र कंपनी परदेशाहून आलेले सुटे भाग जोडून विलीज जीप तयार करू लागली. या नागरी जीपगाड्यांतील इंजिन बांधणीने जवळजवळ युद्धातल्या इंजिनासारखेच होते. तेव्हा वरवरच्या रूपावरून युद्धातले कोणते आणि मागाहूनचे कोणते, हे भल्याभल्यांनाही सांगता येत नाही.

मी मुलाच्या वडिलांना पंधरा दिवसांची मुदत मागितली. ते सज्जन गृहस्थ होते, पण त्यांनाही छपराची जागा हवी होती. "आठ दिवस थांबतो," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी टेंपो येईल."

दुसऱ्या दिवसापासून आमचे काम सुरू झाले. दुरुस्तीसाठी म्हणून फार पूर्वी कोणीतरी इंजिनाचे डोके, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडले होते आणि ते परत बसविलेच नव्हते. इंजिनाच्या दृष्टीने हा मोठा अन्याय होता, पण आमची त्यामुळे सोय झाली. चार सिलिंडर उघडे दिसत होते आणि त्यांत चार दट्ट्ये गंजून घट्ट बसले होते. मिस्त्रींनी त्यांवर रॉकेल आणि तेल ओतून ठेवले. "मुरू द्या. घाई केलीत तर मोडेल," असे त्यांनी बजावले. एव्हाना त्यांनाही या प्रकरणात रस वाटू लागला होता, असे मला वाटते.

तोवर मुलांनी झडपा मोजल्या. अशा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात. एकीतून पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत येते, दुसरीतून जळालेला धूर बाहेर जातो. आमच्या इंजिनात सिलिंडरांच्या शेजारी, ठोकळ्यातच, ओळीने आठ झडपा होत्या. ही मोजणी साधी दिसली तरी तिने एक मोठी शंका मिटविली. १९५३ पासून निघालेल्या जीपच्या 'सीजे-३बी' या नमुन्यात विलीजने आत घेणारी झडप वरच्या डोक्यात नेली होती. त्यामुळे ते इंजिन उंच झाले आणि गाडीचे बॉनेटही उंच करावे लागले. तशा इंजिनाच्या ठोकळ्यात चारच झडपा सापडल्या असत्या. महिंद्र कंपनीने पुढे वर्षानुवर्षे ज्या जीप विकल्या, त्या या उंच इंजिनाच्या. मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक गाड्या त्याच असाव्यात. आठ झडपा पाहून ते म्हणाले, "हां, हे जुन्यातलं आहे. पण जुनं म्हणजे लढाईतलंच असं नाही."

बुधवारी इंजिन हलले. मिस्त्रींनी पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हळूच जोर दिला, कर्र असा आवाज झाला आणि चारही दट्ट्ये केसभर सरकले. मुलांनी असा काही जल्लोष केला की शेजारच्या शेतातील बायका काम टाकून पाहू लागल्या. थोड्या वेळाने दट्ट्ये वरखाली पुरते फिरू लागले, तेव्हा आम्ही मोजमापे घेतली. सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंचांहून थोडा कमी भरला, आणि दट्ट्याचा वरून खालपर्यंतचा प्रवास साडेचार इंचांहून थोडा कमी.

युद्धकाळी अमेरिकी सैन्याने जीपसाठी दुरुस्तीची पुस्तिका छापली होती. तिच्यातील माप व्यासाला ३ १/८ इंच आणि प्रवासाला ४ ३/८ इंच असे आहे. मुलांनी त्याचे सेंटिमीटर केले. व्यास ७.९४, प्रवास ११.११. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणावयाचे हे गणित ती वर्गात कंटाळून करीत. येथे मात्र जमिनीवर खडूने भराभर आकडे मांडले गेले. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ५५० घनसेंटिमीटर, चारांचे मिळून सुमारे २,२००. पुस्तिकेतील इंजिन नेमके तेवढेच. झिजलेल्या सिलिंडरांमुळे आमची मापे तंतोतंत जुळली नाहीत, पण दुसऱ्या कोणत्या इंजिनाशी गफलत होण्याइतका तो फरक नव्हता.

मुले आनंदली, परंतु मला त्यांना थांबवावे लागले. गणित बरोबर आले होते, तरी प्रश्न सुटला नव्हता. नागरी जीपचे मापही हेच होते! पुढचे झाकण काढून पाहिले, तर आत फिरणारे दोन धुरे साखळीने जोडलेले होते. युद्धातल्या जीपमध्ये अशीच साखळी असे. नागरी जीपमध्ये काही काळ साखळी होती आणि पुढे तिच्या जागी दातेरी चक्रे आली. दातेरी चक्रे निघाली असती, तर अण्णांचे म्हणणे कच्चे पडले असते. साखळी निघाली म्हणून ते पक्के झाले, असे मात्र होत नाही. हा फरक मुलांना पटवून देताना मला चांगलेच कष्ट पडले.

आता भिस्त होती ती क्रमांकावर. इंजिन तयार झाले की त्याच्या ठोकळ्यावर क्रमांक ठोकतात. या जातीच्या इंजिनावर तो उजव्या अंगाला, पुढच्या बाजूस, तेलाच्या फिल्टरजवळ एका सपाट उंचवट्यावर असतो. गुरुवारी मुले तेथला रंग उतरवू लागली. खरवडून काढण्याची मनाई होती, कारण खरवडताना अक्षरेही जातात. रॉकेलचा बोळा, पितळी तारांचा ब्रश आणि पुष्कळसा धीर, एवढीच सामग्री. तांबड्या रंगाचे थर निघाले, त्याखाली काळपट चिकटा निघाला. एका मुलाला त्या चिकट्याखाली हिरवट छटा दिसली आणि "लष्करी रंग!" म्हणून तो ओरडला. मी त्याला सांगितले की रंगाची साक्ष लंगडी असते; हिरवा डबा बाजारात कोणालाही मिळतो.

शेवटी लोखंड उघडे पडले. त्यावर खडू घासून तळहाताने पुसला, तेव्हा खड्ड्यांत राहिलेल्या पांढऱ्या भुकटीने अक्षरे उमटली.

"सहा, पी, डब्ल्यू," मुलगा वाचू लागला. "आणि पुढे आकडे."

"सहा नाही, जी आहे," मुलगी म्हणाली. गंजक्या लोखंडावर इंग्रजी 'जी' आणि सहाचा आकडा हे जुळे भाऊच दिसतात.

जी, पी, डब्ल्यू. याचा अर्थ काय? मुलांनी क्षणात लावला. 'जी' म्हणजे गव्हर्नमेंट, 'पी डब्ल्यू' म्हणजे पब्लिक वर्क्स! रस्ते बांधणाऱ्या खात्याला लोक पी. डब्ल्यू. डी. म्हणतात, ते त्यांना ठाऊकच होते. अर्थ इतका चपखल बसला की ज्याचे इंजिन तो मुलगा हिरमुसला. "म्हणजे रस्त्याच्या कामावरच्या गाडीचं," तो पुटपुटला.

शेजारच्या गावी लष्करी वर्कशॉपात नोकरी करून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. शुक्रवारी सकाळी मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी चष्मा पुसला, अक्षरे पाहिली आणि काही न बोलता खाली वाकून एकेका बोल्टाच्या माथ्यावरून बोट फिरवू लागले. मग त्यांनी मुलांना जवळ बोलाविले. काही बोल्टांच्या माथ्यांवर वळणदार इंग्रजी 'एफ' कोरलेला होता. इतके दिवस आम्ही त्याच बोल्टांना पाने लावीत होतो, आणि एकाच्याही ध्यानात तो आला नव्हता! ध्यानात न येणाऱ्यांत मीही होतो.

"एफ म्हणजे फोर्ड," हवालदार म्हणाले. "हे इंजिन विलीजचं नाही. फोर्डनं बनवलेलं आहे. आणि फोर्डनं ही जीप फक्त लढाईसाठीच बनवली."

येथे जीपची थोडी पूर्वकथा सांगितली पाहिजे. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकी सैन्याने शंभराहून अधिक कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांनी ओढणाऱ्या टेहळणीच्या गाडीची मागणी केली. नमुना ४९ दिवसांत हवा होता. एवढ्या थोड्या अवधीत तो करून दाखविला बॅन्टम नावाच्या एका लहान कंपनीने. २३ सप्टेंबर १९४० रोजी तिची गाडी मेरीलँड राज्यातील लष्करी तळावर वेळेत पोहोचली. पाठोपाठ विलीज आणि फोर्ड यांनीही नमुने आणले. त्या तिघांत विलीजचे इंजिन सर्वांत दमदार ठरले. डेल्मर रूस या अभियंत्याने विलीजच्या एका साध्या मोटारीतील सुमारे ४८ अश्वशक्तीचे इंजिन सुधारीत सुधारीत ६० अश्वशक्तीवर नेले होते. पण विलीजची गाडी जड होती, आणि सैन्याने वजनाची मर्यादा २,१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलोग्रॅम, घालून दिली होती. तेव्हा रूसने गाडी सुटी करून तिचा भाग न् भाग तोलला, गरजेपेक्षा लांब असलेले बोल्ट आखूड केले, आणि रंगाचासुद्धा एकच हात दिला असे सांगतात. मला स्वतःला या साऱ्या इतिहासात ही रंगाची गोष्ट सर्वांत आवडते.

विलीजचा नमुना मान्य झाला, परंतु एका कारखान्याने सैन्याची भूक भागणारी नव्हती. म्हणून १९४१ च्या अखेरीस सरकारने विलीजचेच आराखडे फोर्डला देऊन तशाच गाड्या करावयास सांगितले. फोर्डने आपल्या गाडीला 'जीपीडब्ल्यू' हे नाव दिले. 'जी' म्हणजे सरकारी मागणी, 'पी' हे पुढच्या-मागच्या चाकांमधील ८० इंच अंतराचे फोर्डचे सांकेतिक अक्षर, आणि 'डब्ल्यू' म्हणजे विलीजचा आराखडा. विलीजच्या इंजिनावर 'एमबी' अशी अक्षरे असत, फोर्डच्या इंजिनावर 'जीपीडब्ल्यू'. आपण केलेला भाग ओळखता यावा म्हणून फोर्डने लहानसहान बोल्टांवरदेखील आपला 'एफ' उमटविला. १९४५ पर्यंत दोघांनी मिळून साडेसहा लाखांच्या आसपास जीपगाड्या बांधल्या, त्यांत फोर्डच्या पावणेतीन लाखांवर होत्या. युद्ध थांबताच फोर्डचे हे काम थांबले. नागरी जीप निघाल्या त्या विलीजच्या. जीपीडब्ल्यू इंजिनाची नागरी गाडी कधी निघाली नाही.

म्हणजे मुलांनी 'जी' चा अर्थ गव्हर्नमेंट असा लावला होता तो बरोबरच होता. फक्त ते सरकार आमचे नव्हते आणि खाते रस्त्यांचे नव्हते.

मिस्त्री प्रामाणिक माणूस. त्यांनी अण्णांजवळ जाऊन म्हटले, "अण्णा, तुमचं खरं ठरलं. लढाईतलंच आहे." मुलाचे वडील काही बोलले नाहीत, पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसविली.

एक शंका मात्र त्या हुशार मुलीने काढलीच. "सगळ्याच बोल्टांवर एफ नाही, सर. मागच्या पेटीच्या बोल्टांवर तर एकावरही नाही." हवालदारांनी तिला शाबासकी दिली. फोर्ड आणि विलीज यांच्या जीपचे भाग एकमेकींना बसत, हाच तर त्या योजनेचा मोठा गुण होता. रणांगणावर एक गाडी मोडली की तिचे भाग काढून दुसरी उभी करीत, मग ती कोणाची आहे हे कोण पाहतो? तेव्हा एका बोल्टावरचा 'एफ' केवळ त्या बोल्टापुरती साक्ष देतो. आमच्या इंजिनाचा ठोकळा फोर्डचा, हे क्रमांकाने सिद्ध झाले. मागची पेटी विलीजची असू शकेल, किंवा दुसऱ्याच एखाद्या जीपची.

आता राहिला ब्रह्मदेश.

सारी मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. जीप ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होत्या, यात शंका नाही. १९४४ साली इंफाळ-कोहिमाच्या डोंगरांत त्या दारूगोळा वर नेत आणि जखमींना खाली आणीत. उत्तर ब्रह्मदेशात तर काही जीपना रेल्वेची लोखंडी चाके लावून त्यांच्याकडून रुळांवर डबे ओढवून घेतले. पण जीप आफ्रिकेतही होत्या, इटलीतही होत्या, आणि हिंदुस्थानातील छावण्यांत साहेबांना फिरविण्यासाठीही होत्या. लढाई संपल्यावर त्या सरकारने लिलावात विकल्या, आणि त्या मालाला लोक 'डिस्पोजलचा माल' म्हणू लागले. इंजिनाच्या क्रमांकावरून ते कोणी केले ते कळते. ते कोठे कोठे हिंडले, हे लोखंडावर लिहिलेले नसते.

मी अण्णांच्या बाजेवर बसलो आणि विचारले, "अण्णा, हे इंजिन आणलं केव्हा?"

"माझ्या लग्नाच्या वर्षी. पन्नास साल. आमच्या वडिलांनी पुण्याकडच्या लिलावात घेतलं. लॉरीतून आणलं."

"आणि ते ब्रह्मदेशातलं आहे, हे कोणी सांगितलं? वडिलांनी?"

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वडील नुसतं लढाईतलं म्हणायचे, गुरुजी. ब्रह्मदेश... ते मीच म्हणत आलो बहुतेक. माझा चुलता बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाला होता. मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. तो ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेला, तो आलाच नाही. चव्वेचाळीस साल. मी पंधरा वर्षांचा होतो. नुसती तार आली. दुसरं काहीच आलं नाही."

छपराखाली कोणी बोलेना. १९४४ च्या मार्चमध्ये इंफाळच्या वाटेवरील सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढली होती, हे मला वाचून ठाऊक होते. अण्णांचे चुलते तिच्यात होते की दुसऱ्या एखाद्या पलटणीत, हे अण्णांना सांगता येईना, आणि मीही विचारणे सोडून दिले.

काही वेळाने मुलगा आजोबांना म्हणाला, "आजोबा, मग आम्ही काय लिहायचं?"

शाळेच्या प्रदर्शनात ठेवण्यासाठी मुले एक पुठ्ठा तयार करीत होती. त्यावर त्यांनी लिहिले होते: 'फोर्ड कंपनीचे जीपीडब्ल्यू इंजिन. बांधणी १९४२ ते १९४५ या काळातील. मूळ उपयोग: युद्धातील जीपगाडी. नंतर येथील गुऱ्हाळात चरक चालविण्यासाठी.' खाली एक ओळ कोरी होती.

"जे कळलं तेवढंच लिहा," अण्णा म्हणाले. "आणि त्याच्या खाली माझ्या चुलत्याचं नाव लिहा. इंजिनाचं म्हणून नको. नुसतंच लिहा."

शनिवारी टेंपो ठरल्या वेळी आला. भंगारवाल्याने पत्रे नेले, मोडका पाण्याचा पंप नेला, दोन फुटक्या टाक्या नेल्या. इंजिनाजवळ जाऊन त्याने काटा पुढे केला, तेव्हा मुलाच्या वडिलांनी मानेनेच नको म्हटले. दुपारी मिस्त्री आणि चार गडी यांनी मिळून ते वाड्यासमोरच्या ओट्यावर नेऊन ठेवले. उघड्या सिलिंडरांत पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी लाकडाच्या फळीचे झाकण करून दिले, आणि त्या फळीवर अण्णांनी आपल्या हाताने तेल चोपडले.